सात नंबरच्या प्रेसची सुधारलेली चिठ्ठी

—तर पहिला परिच्छेद खोडला म्हणून तोंड पाडू नकोस, पोरी. सगळ्यांचाच खोडावा लागतो. पाहुणा आत येण्याआधी दारात चपला काढतो, पिशवी टेकवतो, ‘आहेत का घरात’ म्हणून खाकरतो — लिहिणाराही पहिल्या परिच्छेदात चपलाच काढत असतो, गोष्ट आत कधीची सुरू झालेली असते. बस, खुर्ची पुढं घे. आज गुरुवार, कंपन्या बंद, रस्त्याला कंटेनर नाहीत, आज निघोज्यात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं. स्नेहल म्हणालीस ना नाव? तर स्नेहल, स्वतःचं लिखाण स्वतः सुधारायचं म्हणजे ते आपलं नाही असं समजायचं. शेजाऱ्याचं आहे म्हणायचं. शेजाऱ्याच्या पोराचं शेंबडं नाक आपल्याला लांबून दिसतं की नाही? — दिसतं. तसं. आणि लिहिलं की लगेच हात लावायचा नाही. चार दिवस कपाटात मुरू द्यायचं, पाचव्या दिवशी काढायचं आणि मोठ्यानं वाचायचं. धाप लागेल तिथं वाक्य तोडायचं. स्वतःलाच जांभई येईल तिथं खोडायचं. एवढं ज्याला जमलं त्याला माझ्याकडं यायची गरज नाही — पण जमत नाही कुणाला, म्हणून तर दर गुरुवारी माझ्या या पडवीत रांग असते.

हसू नकोस, खरं सांगतोय. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचं आत्मचरित्र मी तीनशे पानांवरून चाळीस पानांवर आणलं. त्यात त्याचे दोन मेव्हणे आणि एक अख्खी पाणीयोजना गेली. पुस्तक छापून आल्यावर मेव्हणे इथं भांडायला आले, तर मी त्यांचं भांडणही सुधारून दिलं — तुम्ही तेच तेच बोलताय म्हटलं, एकदाच बोला, नेमकं बोला. बिचारे गप्प होऊन चहा पिऊन गेले. आणि पुनावळ्याच्या एका मुलाच्या स्थळाचा परिचय लिहिला होता मी — असा लिहिला, असा लिहिला की मुलीकडचे बघायला आले तेव्हा मुलगा स्वतःच विचारायला लागला, हा कोण, याला बोलवा की. विजेच्या खांबाचा अर्ज तर विचारू नकोस. वायरमन तो अर्ज वाचत वाचत खांबावर चढला आणि खाली उतरायचं विसरला. बरं, तो उतरला असेल. अतिशयोक्ती हा माझा जुना रोग आहे, पण दुसऱ्याच्या लिखाणात मी ती एक अक्षर ठेवत नाही.

आता हे बघ. ‘माझे वडील अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक, प्रेमळ, मनमिळाऊ व सर्वांच्या उपयोगी पडणारे होते.’ पाच विशेषणं. एका माणसाच्या अंगावर पाच शर्ट घातलेस, माणूस दिसतोय का? एक ठेव. खरं म्हणजे एकही ठेवू नकोस, त्यांनी काय केलं ते सांग, कष्टाळू आहेत हे वाचणारा आपलं आपण म्हणेल. आणि ‘होते’ का? वडील आहेत ना? — आहेत. मग ‘होते’ कशाला, उगाच जिवंत माणसाला — बरं बरं, सवय असते, निबंधातली. कुठली स्पर्धा म्हणालीस ही? काही म्हणाली नाहीस. मीच धरून चाललोय. असू दे. दापोडीहून आलीस म्हणजे दोन बस बदलल्या असशील, पाणी पी आधी.

हं. दुसरं पान. दुसरं पान चांगलं आहे. हे वाक्य बघ, ‘बाबा औशाहून आले तेव्हा त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत फक्त ज्वारीचं पीठ होतं’ — याला हात लावायचा नाही. पीठ दिसलं की माणूस दिसतो. अशी वाक्यं कमी येतात, ती आली की आजूबाजूची झाडून टाकायची, म्हणजे त्यांना उजेड मिळतो. पुढं, ‘माझे वडील ज्योतीराम हे निघोजे येथील कंपनीत प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या सात नंबरच्या —’

जयमाला, चहा टाक गं. दोन. साखर बेताची. — बायको माझी. ऐकू कमी येतं तिला, आणि ते चांगलंच आहे.

काय म्हणत होतो? हां. सात. म्हणजे आकडे अक्षरात लिहायचे की अंकात, हा प्रश्न लोकांना पडतो. दहापर्यंत अक्षरात लिहावे. माझ्याकडं एक जण आला होता, त्यानं लग्नपत्रिकेत मुहूर्त अक्षरात लिहिला, बारा वाजून सत्तावन्न मिनिटे, आणि छापखान्यात ती ओळ मावेना म्हणून त्यांनी सत्तावन्न काढलं, सगळं वऱ्हाड तासभर — हे मघाच्यासारखं नाही गं, हे खरंच झालेलं. तू हसत नाहीस. बरं.

तू ज्योतीरामची.

नाकावरून ओळखायला हवं होतं मी. नाही, ओळख अशी नाही फार — एकाच कंपनीत, एवढंच. मी स्टोअरला होतो. आमचं दीड एकर त्या कंपनीच्या पार्किंगखाली आहे, त्याच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती मी केली. गेल्या वर्षी सोडली. आता आमचा रणजीत लागलाय तिथंच, ट्रेनी म्हणून, दोन आठवड्यांनी कायम होईल. तर तुझे वडील मी बघितलेले. उंच, खाली मान घालून चालणारे. तुला इकडं पाठवलं कुणी? — दापोडीच्या झेरॉक्सवाल्यानं? ‘निघोज्यात एक जण आहेत, ते लिखाण सुधारून देतात’, एवढंच म्हणाला ना? एवढंच. बरं. मग ठीक आहे. चल, पुढचं पान.

तिसऱ्या पानावर मला काही बोलायचं नाही. बोटांचं आहे ते, मी वाचलं मनात. चांगलं लिहिलंयस. म्हणजे चांगलं कसं म्हणू — नेमकं लिहिलंयस.

चौथं. ‘बाबा सांगतात, त्यांनी लिहून दिलं होतं. बाबा सांगतात, प्रेस आपोआप खाली येते असं लिहून दिलं होतं. बाबा सांगतात, तीनदा झालं ते तीनदा लिहिलं होतं.’

हात बघ माझा. हा बघ. तुझ्यासमोर बसून, तू कुणाची आहेस ते कळल्यावरसुद्धा, हा हात आपोआप गेला आणि दुसरं ‘बाबा सांगतात’ अर्धं खोडून बसला. पुनरुक्ती, म्हणून. तीस वर्षांची सवय. कुणी काही दाबलं नाही, काही नाही, आपला खालीच आला.

थांब, पान ओढू नकोस. मी दुसऱ्या कागदावर उतरवून देईन. थांब जरा. चहा येईल.

तुला नियर-मिसची चिठ्ठी माहीत आहे? बाबांनी सांगितलं असेल. अपघात होता होता राहिला की ते लिहून द्यायचं, पिवळ्या कागदावर, आणि गेटजवळच्या पेटीत टाकायचं. कल्पना चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक खात्यानं महिन्याला वीस चिठ्ठ्या दिल्याच पाहिजेत असा नियम काढला, मग वीस आणायच्या कुठून? लोक काहीही लिहायचे. कँटीनच्या दारात मांजर आडवं आलं. पायरीवर केळीचं साल होतं, मी त्यावर पडणार होतो पण पडलो नाही. एकानं लिहिलं, काल रात्री मला कंपनीचं वाईट स्वप्न पडलं. आणि त्या चिठ्ठ्यांतल्या चांगल्या निवडून, स्वच्छ उतरवून, काचेच्या बोर्डात लावायच्या — मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांचे लोक तपासायला यायचे, त्यांना दाखवायला. ते उतरवायचं काम कुणाकडं? अक्षर कुणाचं चांगलं? भाषा कुणाची चांगली? सांग कुणाची. बरोबर. सेफ्टीचे साहेब बाहेरचे, त्यांना मराठी वाचता वाचता घाम यायचा, मला म्हणायचे, ‘साहेबराव, दो लाइन में चाहिए, कहानी नहीं चाहिए.’ आणि मला तर काय, दोन ओळीत आणणं म्हणजे — मला त्यात गंमत वाटायची. खरं सांगतो, मी स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजणारा माणूस, पण महिन्यातून एकदा लाल पेन घेऊन बसलो की मी कुणीतरी असायचो. चिठ्ठी मी शुद्ध करून लिहायची, खाली कामगारानं सही करायची, बोर्डात लागायची. मूळ चिठ्ठी रद्दी.

मूळ चिठ्ठ्या मी घरी आणायचो. वाचून दाखवायला, जयमालाला. आम्ही हसायचो त्या वाचून.

तुझ्या वडिलांची पण आणली. मला ती पाठ आहे — आपलं लिहिलेलं एक वाक्य आठवत नाही मला, पण ही आहे. ‘मी ज्योतीराम, सात नंबरच्या प्रेसवर काम करतो. सोमवारी बटन दाबलं नव्हतं तरी प्रेस खाली आली. मी हात काढला म्हणून वाचलो. मंगळवारी बटन दाबलं नव्हतं तरी प्रेस खाली आली. मी हात काढला म्हणून वाचलो. शुक्रवारी बटन दाबलं नव्हतं तरी प्रेस खाली आली. मी हात काढला म्हणून वाचलो. मला सुपरवायझर साहेब म्हणाले तू झोपला असशील. मी झोपलो नव्हतो. रोज हात काढणं होईल असं मला वाटत नाही.’

आणि मी काय केलं असेल? मी म्हटलं, या माणसाला एकच गोष्ट तीनदा का सांगावी लागते? वार कशाला पाहिजेत? सुपरवायझरचं नाव घेतलं की खात्याखात्यात भांडण, ते काढलं. शेवटचं वाक्य फार रडवं वाटलं, ते काढलं. आणि लिहिलं, ‘प्रेस क्रमांक सातची नियमित देखभाल व्हावी, ही नम्र सूचना.’ ऐक, कसं आहे? तोललेलं आहे. कुठंही धाप लागत नाही. मी ते लिहून दोनदा मोठ्यानं वाचलं आणि स्वतःच्या पाठीवर हात फिरवला.

पहिलं बक्षीस दिलं त्याला साहेबांनी. स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा. स्टेजवर बोलावून, फोटो काढून. तुमच्या घरी असेल तो फोटो. — फाडला? बरं केलं. त्या दिवशी खाली उतरल्यावर तुझे वडील माझ्याकडं आले. डबा दोन्ही हातांत धरलेला. म्हणाले, ‘साहेबराव भाऊ, मी लिहिलेलं हे नाही.’ आणि मी म्हणालो, ‘तेच आहे, ज्योतीराम. फक्त चांगलं करून लिहिलंय.’ त्यांनी बोर्डाच्या काचेवर बोट ठेवून ती ओळ परत वाचली. मग म्हणाले, ‘तुम्ही शिकलेले, तुम्हाला जास्त कळतं.’ टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला आवडलं असतं आज.

त्यानंतर अकरा दिवसांनी.

तू लिहिलंयस ते, मी परत सांगत नाही.

घे, चहा घे. जयमाला, बिस्किटं नकोत, जा तू आत. — हे बघ, मी काय केलं ते तुला निम्मंच सांगितलं. चौकशी झाली तेव्हा कंपनीनं बोर्डातली चिठ्ठी काढून पुढं ठेवली. कामगाराच्या स्वतःच्या सहीची. धोक्याचा शब्द नाही तिच्यात, म्हणजे धोका नव्हता, म्हणजे हात घातला तो याच्या निष्काळजीपणानं. मला बोलावलं. जे माहीत आहे ते लेखी द्या म्हणाले. मी घरी येऊन लिहायला बसलो, इथंच, या टेबलावर. आणि विश्वास ठेव न ठेव, सात पानं लिहिली. सगळं लिहिलं. सोमवार, मंगळवार, शुक्रवार, सगळं. मी काय खोडलं, का खोडलं, डबा, बोर्ड, ‘तुम्हाला जास्त कळतं’. चार दिवस कपाटात ठेवलं. पाचव्या दिवशी काढलं आणि शेजाऱ्याचं आहे असं समजून वाचलं. पहिला परिच्छेद नुसत्या चपला, खोडला. भावना फार होत्या, त्या काढल्या. डब्याचा मुद्द्याशी संबंध काय, काढला. मग वाटलं यात ‘मी’ फार येतोय, वाचणाऱ्याला कंटाळा येईल — मी काढला. सात वेळा सुधारलं पोरी, सात खर्डे. शेवटच्या खर्ड्यात एक ओळ राहिली. ‘मूळ चिठ्ठी उपलब्ध नाही.’ तीच दिली. सही केली. कुणी त्यात एक काना-वेलांटीची चूक काढू शकलं नाही.

ती कपाटात होती गं. त्या क्षणीसुद्धा. माझ्या पाठीमागं.

आता तू म्हणशील, का. मलाच विचारायचं असेल तर — रणजीतचा नंबर लागायचा होता, हे एक. लोक म्हणतील साहेबरावाच्या शुद्ध भाषेनं माणसाची बोटं घेतली, हे दुसरं. पण खरं सांगू का — ती ओळ चांगली झाली होती. मला ती खोडवेना. काय बघतेस अशी? मला माहीत आहे कसलं वाटतंय ते ऐकायला. माझं मलाच ऐकू येतंय.

दे, शेवटचं पान दे. वाचून टाकतो, मग बोल काय बोलायचं ते. ‘मा. कामगार न्यायालय’ — म्हणजे ही स्पर्धा वगैरे नाहीच. उद्या. उद्या अकरा वाजता? आणि तू आज येतेस? बरं. ‘कंपनीचे म्हणणे असे की माझ्या वडिलांनी धोक्याची सूचना दिली नाही. त्यामुळे त्यांना निष्काळजी ठरवले आहे व तेव्हापासून त्यांना दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या गेटवर उभे करत नाहीत. प्रत्यक्षात त्यांनी सूचना दिली होती. ती सूचना —’

इथं जागा सोडलीयस.

‘ती सूचना’, मग ही एवढी मोकळी जागा, मग ‘यांनी बदलली.’

नाव विसरलीस का? — नाही. विसरली नाहीस. बाबांनी सांगितलंय. पहिल्यापासून माहीत होतं. झेरॉक्सवाला वगैरे — आणि मी आपला तासभर तुला चपला आणि विशेषणं शिकवतोय. आणि तू ऐकून घेतलंस. पाच विशेषणं काढ म्हटलं तर काढलीस. तोंडावर रेघसुद्धा नाही हलू दिलीस. माझ्यावर चिडायचं सोडून तू माझ्यासाठी जागा ठेवलीस होय गं.

पेन दे तुझं. नको, लाल नको, लाल सुधारण्याचं असतं. निळं दे. हे बघ — साहेबराव. आडनावासकट. काना जरा वाकडा आला, राहू दे, गिरवत नाही.

आणि ऊठ, ते कपाट उघड. मला नको उठवूस, गुडघा धरलाय. वरच्या फळीवर पिवळ्या कागदांचा गठ्ठा आहे, सुतळीनं बांधलेला. मांजराची चिठ्ठी असेल वर, ती काढ. खाली. अजून खाली. हां, ती. घे. कोपरा माझ्याच चहाच्या कपाचा आहे, माफ कर. वाच. घरी जाऊन वाच, इथं नको.

काय? — कागद पुरत नाही म्हणतेस. तुमचे वकील म्हणतात का तसं? हं. समोरचा म्हणेल ही चिठ्ठी काल रात्री लिहिली. बरोबर आहे, मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. कुणीतरी उभं राहून सांगायला पाहिजे की ही तीच, आणि मी खोडली, आणि मी खोटं लिहून दिलं. खोटं लिहून दिलं म्हणजे मग माझ्यावर पण — हो, कळतंय. बघ पोरी, उद्याचं असं आहे, की रणजीतच्या कायम होण्याला दोन आठवडे आहेत, त्याच्या साहेबांचा फोन कालच आलेला, आणि जयमालाचे कान दाखवायला उद्याचीच वेळ मिळालीय चाकणच्या दवाखान्यात, म्हणजे मी येणार नाही असं नाही म्हणत, मी येईन, पण तारीख पुढची मिळत असेल, किंवा मी लेखी दिलं तर, नीट सविस्तर लेखी, वकिलांना जसं हवं तसं, तर माझ्या प्रत्यक्ष येण्याची तशी —

नको. हे सगळं खोड.

येतो.

एवढंच. अकरा म्हणालीस ना, साडेदहाला येतो. आता थांबू नकोस, चहा राहू दे, पानं गोळा कर. जा, पोरी. मी हे पुन्हा वाचून बघायच्या आत जा.